उतरत्या अंगाचे कपडे

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण वणीच्या कॉन्व्हेंटमध्ये झालं. (आपल्या विदर्भात इंग्रजी मीडियमच्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, मग तिथे एकही नन नसली तरी!) त्यामुळे मॅडमनी मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मला घामच फुटला. ऱ्हस्व-दीर्घ आईकडून तपासून घेतले आहेत. विषय मात्र माझा स्वतःचा आहे, अगदी अंगावरचा.

गेल्या वर्षी जुलैमध्ये माझं वजन ८२ किलो होतं आणि उंची ५ फूट ३ इंच. या वर्षी मे महिन्यात वजन ६७ किलो भरलं. म्हणजे दहा महिन्यांत १५ किलो कमी. ते कसं केलं हे मी इथे लिहिणार नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काहीच नाही. डॉक्टरांनी बजावलं, मेसमधला भात अर्धा केला, सकाळी ग्राउंडवर फेऱ्या मारल्या, बस. ‘कशी गं बारीक झालीस?’ असं हॉस्टेलमध्ये निदान पन्नास जणींनी विचारलं असेल. पण ‘कपड्यांचं काय केलंस?’ असं कुणी विचारलं नाही. खरा त्रास तिथे होता. मी टेक्सटाईलची विद्यार्थिनी आहे, तरीसुद्धा होता!

आपल्या घरांमध्ये लहान मुलांचे कपडे नेहमी ‘वाढत्या अंगाचे’ शिवतात. माझी आई घरीच मशीनवर शिवते. युनिफॉर्मचा स्कर्ट शिवताना ती खालची दुमड चांगली चार बोटं ठेवायची आणि बाजूच्या शिलाईत दोन बोटं कापड दाबून ठेवायची. दर जूनमध्ये एक दुमड उसवायची, की स्कर्ट पुन्हा गुडघ्यापर्यंत यायचा. उसवलेल्या जागी न विटलेल्या कापडाची गडद पट्टी दिसायची आणि त्या पट्ट्या मोजून कोणती मुलगी किती वर्षं तोच स्कर्ट घालते आहे ते वर्गात सगळ्यांना कळायचं. तर सांगायचा मुद्दा असा, की अंग वाढणार हे गृहीत धरून आपल्याकडे कपड्यात सोय असते आणि भाषेत शब्दसुद्धा असतो. अंग उतरणार असेल तर? ‘उतरत्या अंगाचे कपडे’ असं कोणी म्हणताना मी तरी ऐकलं नाही.

आधी थोडं गणित करू, म्हणजे आपल्या स्टाफला बरं वाटेल. १५ किलो म्हणजे किती? आपल्या मेसमध्ये तेलाचा मोठा चौकोनी डबा येतो ना, तो १५ किलोचा असतो. तो मी एकदा उचलून पाहिला. दोन हातांनी धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेला आणि खाली ठेवला. (कमी झालेलं सगळं वजन चरबीचंच नसतं, पाणी आणि थोडे स्नायूही त्यात जातात, तरी कल्पना यावी.) आता माझी कंबर ३८ इंचांवरून ३३ इंचांवर आली. परिघात फरक ५ इंच, म्हणजे १२.७ सेंमी. कंबर गोल आहे असं धरून त्याला दोन पायने भागलं तर त्रिज्येत फरक येतो फक्त २ सेंमी. एवढा डबाभर ऐवज गेला आणि पोटाची कातडी सगळीकडून जेमतेम दोन सेंटिमीटर आत सरकली! आरशात रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही तो यामुळेच. कपड्याला मात्र कळतो, कारण कपडा त्रिज्या बघत नाही, परीघ बघतो.

दहा महिन्यांत ५ इंच म्हणजे महिन्याला अर्धा इंच. बाजारातल्या साइज दोन-दोन इंचांनी सरकतात. जीन्स ३२, ३४, ३६, ३८. कुर्ती एम म्हणजे ३८, एल ४०, एक्सएल ४२, डबल एक्सएल ४४. म्हणजे अंग उतरत असताना एक साइज फार तर चार महिने टिकते. त्यातही पहिला महिना ती आवळते, शेवटचा महिना ओघळते आणि मधले दोन काय ते आपले. माझी छाती ४४ वरून ३९ वर आली. ३९ ला काय घालायचं? एम आवळतो, एल लोंबतो. दुकानात गेले तर सेल्समन म्हणाला, ‘मॅडम, तुमची साइज मधातली आहे, मधातली येत नाही.’ सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका दुकानात ‘तुमच्या साइजमध्ये फॅन्सी येत नाही’ हे ऐकून मी बाहेर पडले होते. जाड असताना मिळेना, बारीक होताना मिळेना. मग मिळतं तरी कुणाला?

हे साइजचे आकडे आले कुठून हे मी जरा शोधलं. पूर्वी सगळीकडे माप देऊनच कपडे शिवत. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१ ते ६५) सैनिकांसाठी लाखो गणवेश एकदम शिवायची वेळ आली, तेव्हा मापांचे गट पाडले गेले आणि पुरुषांच्या तयार कपड्यांना त्यातून दिशा मिळाली. बायकांसाठी तिथल्या शेती खात्याने (हो, शेती खात्याने!) १९३९-४० मध्ये जवळजवळ १५,००० स्त्रियांची मापं घेतली, प्रत्येकीची पन्नासहून जास्त. त्याचा अहवाल १९४१ मध्ये निघाला आणि १९५८ मध्ये त्यावरून सरकारी साइजचा तक्ता ठरला. गंमत म्हणजे त्या आकडेवारीत फक्त गोऱ्या स्त्रिया धरल्या होत्या. १९८३ मध्ये तो तक्ताही मागे घेतला गेला आणि तेव्हापासून जो तो उत्पादक आपापला आकडा लावायला मोकळा. आपल्याकडे वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट यांनी २०१८ मध्ये ‘इंडिया साइज’ नावाचं सर्वेक्षण जाहीर केलं. १५ ते ६५ वयाच्या २५,००० लोकांची मापं थ्री-डी स्कॅनरने घ्यायची अशी योजना. शहरं सहा : दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद आणि शिलाँग. विदर्भातलं त्यात एकही नाही. म्हणजे कापूस आमचा आणि कंबर दुसऱ्याची!

असो. मी होस्टेलच्या रूममध्ये एक प्रयोग केला. आम्हा तिघी रूममेट्सच्या जीन्स काढल्या. तिन्हींवर ३४ चं लेबल. पट्टा टेपने मोजला तर एक ३४, दुसरी ३५, तिसरी चक्क साडेछत्तीस. तिसरी जिची होती ती दोन वर्षं खुशीत होती की आपण ३४ मध्ये बसतो. हे मुद्दाम करतात. आकडा लहान लिहिला की गिऱ्हाईक खूश होतं. कुर्तीचा घोळ वेगळाच असतो. लेबलवरचं ४० कधी अंगाचं माप असतं तर कधी कपड्याचं. अंग ४० असेल तर कपडा ४२-४३ लागतो, कारण श्वास घ्यायला, हात वर करायला जागा हवी. शिंपी विचारतो ना, ‘किती लूज ठेवू?’ तेच हे. मला हे कळल्यापासून मी लेबल बघतच नाही. घरातला चांगला बसणारा एक कुर्ता जमिनीवर सपाट पसरायचा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं. तो आकडा लक्षात ठेवायचा. दुकानात पर्समधून टेप काढून तसंच मोजायचं. सेल्समन बघत राहतात, राहू देत. हा आकडा म्हणजे काही सेमिस्टरचा निकाल नव्हे. पण मी तो तसाच मानत होते हे खरं.

एवढं सगळं कळायच्या आधी मी एक मूर्खपणा केला, तो आता लिहिते.

ॲडमिशन झाली तेव्हा आईने मला सहा कुर्ते शिवून दिले होते. कापड आम्ही दोघींनी मिळून निवडलेलं, सुती, पूर्ण बाह्यांचे. डिसेंबरपर्यंत मी ७३ किलोवर आले आणि ते कुर्ते माझ्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखे दिसायला लागले. मैत्रिणी म्हणाल्या, आल्टर करून घे. मी घेतले नाहीत. एक तर पैसे वाचवत होते, कारण ‘एकदम साठवर पोचले की सगळं नवीन घेईन’ असं ठरवलं होतं. दुसरं असं, की मनात भीती होती. आत्ता आत घेतले आणि वजन परत वाढलं तर? तिसरं कारण लिहायला जड जातंय. अकरावीपासून मला ढगळ कपड्यांत लपायची सवय होती. अंग कमी झालं तरी सवय जात नव्हती.

जानेवारीत आमचं लॅबमध्ये प्रॅक्टिकल होतं. पट्ट्यावर चालणारं एक जुनं वाइंडिंग मशीन होतं. ‘सैल कपडे घालून मशीनजवळ जाऊ नये’ अशी पाटी समोरच्याच भिंतीवर आहे आणि मी ती तीन वर्षं वाचते आहे. पण सैल म्हणजे ओढणी, असं माझ्या डोक्यात. ओढणी मी बांधली होती. तुटलेला धागा जोडायला हात पुढे केला आणि बाही पट्ट्याखाली गेली. मला फक्त एवढंच आठवतं की माझा हात माझा राहिला नव्हता. लॅबच्या भाऊंनी स्विचवर हात मारला. बाही कोपरापर्यंत फाटली, शिवण सुटली म्हणून हात सुटला. मनगटाला खरचटलं, बाकी काही नाही. कापड जुनं होतं आणि शिवण हाताची होती, म्हणून वाचले. सगळे जमले, कुणी पाणी दिलं. भाऊंनी पट्ट्यातून चिंधी ओढून काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘पोरी, आंग कमी झालं तुहं, कपडे नाई झाले अजून.’

त्या रात्री झोप लागेना म्हणून वहीत हिशेब केला. पुलीचा व्यास १० सेंमी, वेग ६०० आरपीएम. सेकंदाला १० फेरे, परीघ ३१.४ सेंमी, म्हणजे पट्टा सेकंदाला ३.१४ मीटर धावतो. काहीतरी घडतंय हे कळून हात मागे घ्यायला माणसाला पाव सेकंद तरी लागतो. पाव सेकंदात पट्टा ७८ सेंमी पुढे जातो. माझा हात मनगटापासून खांद्यापर्यंत मोजला, ५४ सेंमी भरला. म्हणजे ‘हात ओढून घेऊ’ हा विचार डोक्यात येईपर्यंत काम संपलेलं असतं. माझ्या मनगटाचा घेर १६ सेंमी आणि त्या बाहीचं तोंड ३० सेंमी होतं. मेकॅनिकलच्या मुलांनो, लेथवरही हेच गणित आहे, आणि थोरल्या भावाचा ॲप्रन घालून वर्कशॉपला येणारे तुमच्यात किती आहेत ते मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी उरलेले पाच कुर्ते पिशवीत घातले आणि दत्त चौकाच्या बाजूला एक म्हातारे शिंपी बसतात त्यांच्याकडे गेले. इथून पुढे जे शिकले ते चार वर्षांच्या सिलॅबसमध्ये कुठेही नाही.

काकाजींनी मला एक कुर्ता घालायला लावला आणि सगळ्यात आधी खांद्याची शिवण कुठे येते ते पाहिलं. ती माझ्या खांद्याच्या हाडाखाली दीड-दोन बोटं उतरली होती. म्हणाले, ‘छाती म्हन, कंबर म्हन, लागन तितकी आत घेतो. खांद्याले नाई लावत हात. खांदा गेला का डरेस गेला.’ कारण सोपं आहे. खांदा हा हाडाचा असतो. वजन उतरताना छाती, पोट, दंड झपाट्याने कमी होतात, खांद्याची रुंदी फारशी बदलत नाही. आणि शिवणाच्या दृष्टीने खांदा, मुंढा आणि बाही हे तिन्ही एकमेकांत अडकलेले असतात. एकाला हात लावला की तिन्ही उसवावे लागतात. म्हणून दोन साइजच्या मधे अडकलेल्यांसाठी हा नियम लिहून ठेवा : वरचा कपडा घेताना फक्त खांदा बघा. खांदा बरोबर बसला तर बाकीचं शिंपी बघून घेतो. माझे ३९ होते, तर एल साइजचा खांदा मला बसला आणि बाजूने एक इंच आत घेतला. आवळणारा एम घेऊन ‘महिन्याभरात बसेल’ म्हणून खुंटीला टांगण्यापेक्षा हे स्वस्त आणि मनालाही बरं. (टांगलेली जीन्स मीसुद्धा ठेवली होती. ३० ची. रोज सकाळी दात घासताना तिच्याकडे बघून मला जेवावंसं वाटायचं नाही. ती मी चुलत बहिणीला देऊन टाकली.)

पॅन्टच्या बाबतीत खांद्याची जागा घेते बैठक. नितंब आणि आसन बरोबर बसलं पाहिजे, कंबर मागच्या मधल्या शिवणीतून आत घेता येते. पण किती? काकाजींनी खडूने दाखवलं. दोन इंचांपर्यंत ठीक. त्यापुढे गेलं की मागचे दोन खिसे एकमेकांच्या जवळ येतात, बाजूची शिवण मागे ओढली जाते आणि पॅन्ट तिरकी दिसते. मग बाजूनेही उसवावं लागतं, जीन्स असेल तर पट्टा आणि लूपसुद्धा. खर्च वाढतो. कंबरेचे मला ८० रुपये पडले, कुर्त्याच्या दोन्ही बाजूंचे ५०. तीच जीन्स नवीन घेतली असती तर हजारांच्या खाली नाही. आणि अंग उतरत असेल तर ती चारच महिने चालली असती.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मी त्यांना शेवटी विचारली. वजन परत वाढलं तर? ते हसले. म्हणाले, ‘मी कापतो कुठी?’ आत घेतलेलं जास्तीचं कापड त्यांनी कापलं नव्हतं, नुसतं दाबून ठेवलं होतं, आणि टीप मोठी मारली होती. आपण नेहमी अडीच मिलिमीटरची टीप मारतो, त्यांनी चारची मारली. मोठी टीप ब्लेडने सर्रकन उसवते आणि कापडाला भोकं कमी पडतात. दोन महिन्यांनी आणखी आत घ्यायचं असलं तरी तेच. म्हणजे वाढत्या अंगाची आईची जी युक्ती होती, तीच उलटी चालवायची. फक्त शिंप्याला आधी सांगावं लागतं, ‘काकाजी, कापू नका.’ नाहीतर सवयीने कात्री चालते.

माझ्या कपाटात एका कपड्याने मात्र दहा महिन्यांत एकदाही तक्रार केली नाही. सलवार! नाडी ओढली की झालं. मग लक्षात आलं की आपले जुने कपडे सगळे असेच आहेत. आजीचं नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, त्याला साइजच नाही. त्याने आजीची पाच बाळंतपणं पाहिली आणि म्हातारपणी हाडं दिसायला लागली तेव्हाही तेच लुगडं तिला बसलं. तिची चोळी पुढे गाठ मारायची, बटणाची नव्हे. गाठ किती आवळायची ते त्या दिवसाच्या अंगावर. पुरुषांची बाराबंदी पाहा. तिला बारा बंद, बटण एकही नाही. सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत संक्रांतीच्या दिवसांत नंदीध्वज धरणारे अजूनही पांढरी बाराबंदी घालतात. बटण आणि काज आले तेव्हा माणसाचं अंग एका आकड्यावर ठरलं. बंद, गाठ आणि नाडी यांना आकडा लागत नाही. मी आता लुगडं नेसून लॅबला जाणार नाही हे उघड आहे (पुली आठवा!), पण मागे बांधायच्या दोन पट्ट्या असलेला कुर्ता किंवा कमरेला मागून अर्धं इलॅस्टिक लावलेली पॅन्ट उतरत्या अंगाला उत्तम. पट्ट्यांची टोकं लॅबमध्ये आत खोचायची.

आता जीन्सबद्दल, कारण यवतमाळात राहून डेनिमबद्दल न लिहिणं बरं नाही. आपल्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत रेमंडची डेनिमची गिरणी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. सुती डेनिम धुतल्यावर आक्रसतं. पूर्वी फार आक्रसायचं. १९३० च्या सुमारास अमेरिकेत सॅनफोर्ड क्लुएट यांनी कापड गिरणीतच दाबून आधीच आक्रसून घ्यायची पद्धत काढली, तिला त्यांच्या नावावरून सॅनफोरायझिंग म्हणतात. तरीही दोन-तीन टक्के आक्रसणं राहू शकतं, आणि ते ताण्याच्या दिशेने जास्त असतं. जीन्सचा पट्टा बहुतेक वेळा ताण्याच्या दिशेने कापलेला असतो. ३४ इंचांचे तीन टक्के म्हणजे एक इंच! म्हणून धुतलेली जीन्स सकाळी घालताना बटण लागत नाही आणि संध्याकाळपर्यंत ती पुन्हा सैल होते. ‘एका रात्रीत वजन वाढलं’ म्हणून नाश्ता सोडणाऱ्या मुली मी हॉस्टेलमध्ये पाहिल्या आहेत. बायांनो, तो ताणा आहे, तुम्ही नाही. स्ट्रेच डेनिममध्ये साधारण दोन टक्के इलॅस्टेन असतं. हा धागा ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये तयार केला. दोन साइजच्या मधल्यांना तो खरंच उपयोगी आहे, इंचभर इकडेतिकडे सांभाळून घेतो. पण त्याला उष्णता चालत नाही. बादलीत रॉड टाकून उकळत्या पाण्यात जीन्स भिजवायची आपली जी हॉस्टेलची पद्धत आहे, तिने वर्षभरात इलॅस्टेन मरतं आणि गुडघ्यावर फुगे येतात.

आतल्या कपड्यांबद्दल मराठीत लिहायला मला लाज वाटते, पण मुलींसाठी दोन ओळी लिहितेच. बाहेरचे कपडे आल्टर होतात, हे होत नाहीत. आणि सगळ्यात आधी सैल पडतात हेच. नवीन घेताना सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसेल अशी घ्यावी, म्हणजे अंग उतरेल तसं आतल्या हुकावर सरकता येतं. यात काटकसर करू नये. खांदे आणि पाठ दुखायची थांबते.

बाकी, आमच्या मजल्यावर आता एक खोका आहे. ज्या कपड्यांतून आपण खाली किंवा वर सरकलो ते त्यात टाकायचे, धुऊन. माझा डबल एक्सएलचा कोट फर्स्ट इयरच्या एका मुलीने नेला आणि मला त्यातून ३४ ची काळी पॅन्ट मिळाली, ती मी सेमिनारला घातली. रेक्टर मॅडमनी आधी खोक्याला विरोध केला, मग स्वतःच्या दोन साड्या आणून टाकल्या.

मे महिन्यात घरी गेले. दिवाळीत आईने मला बघून ‘किती खंगली पोरगी!’ म्हणून बाबांशी भांडण केलं होतं, त्यामुळे या वेळी मी घाबरतच दारात उभी राहिले. लॅबमधली गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. सहावा कुर्ता, फाटलेल्या बाहीचा, बॅगेत तळाशी होता, तो तिने कपडे धुवायला काढताना शोधला. शिवण कशी उसवली आहे हे शिवणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. तिने बाही उलटी केली, पालथी केली आणि विचारलं. मग सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. मशीनच्या ड्रॉवरमधून तिची मापांची जुनी वही काढली. तिच्यात माझं एक पान आहे, पाचवीपासूनचं. छाती २८, मग ३०, ३१, ३४, असं खाली खाली वाढत गेलेलं, शेवटी ४४. तिने टेप माझ्याभोवती घेतला, बघितलं, पुन्हा घेतला. ४४ च्या खाली ३९ लिहिलं. त्या पानावर पहिल्यांदाच खालचा आकडा वरच्यापेक्षा लहान होता.

‘काहून वं, मेसमध्ये जेवत नाही का?’ तिने विचारलं.

‘जेवते ना आई. दोन वेळा. वरण-पोळी, भाजी, ताक.’

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग कुर्त्याच्या दोन्ही बाह्या उसवायला घेतल्या. नवीन बाह्या पाऊण लांबीच्या लावल्या, कोपराखाली चार बोटं, तोंडाशी अरुंद. बाजूने दोन-दोन बोटं आत घेतलं. मी कात्री तिच्या हाताशी सरकवली, तर ती म्हणाली, ‘राहू दे. दाबून ठेवते.’

— तृतीय वर्ष, टेक्सटाईल